गुरुवारची नोंद

“गुरुवारी? गुरुवारी मी कारखाना उघडलाच नव्हता, बाई,” मास्तर म्हणाले आणि हातातली सुताची हिरवी लड दांडीला अडकवायला वळले.

माझ्या मांडीवर टॅब होता आणि टॅबवर गुरुवार होता. सोडलेलं पाणी, चार हजार लिटर. चुना आणि तुरटी, घातली. तपासणीच्या पट्टीचा रंग, ठीक. पाणी, स्वच्छ. खाली मास्तरांच्या नावाचा शिक्का, संध्याकाळी पाच वाजता लागलेला.

“उघडला नव्हता म्हणजे? अर्धा दिवस?”

“अर्धा नाही नि पाव नाही. सकाळी ढवळणीची मोटर जळली ना. वासच आला. चुना ढवळला नाही तर गाळ बसत नाही, आणि गाळ बसला नाही तर पाणी जसंच्या तसं कालव्यात. म्हटलं, नको. पाचही माणसं घरी पाठवली, मोटर स्कूटरवर बांधली आणि शहरात नेली वाइंडिंगला. दुरुस्त करून घेऊन यायला संध्याकाळ झाली, रात्रीच बसवली. तुमची वहिनी बसली होती तोंड फुगवून, जेवण निवलं म्हणून.”

सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता, आणि का खुलू नये? तीन महिन्यांपूर्वी हेच मास्तर मोटर असो नसो, बिनदिक्कत पाणी सोडून मोकळे झाले असते. या वेळी कोणी बघत नसताना, ऑर्डर अंगावर असताना त्यांनी कारखाना बंद ठेवला होता. मी खरं तर त्यांचं कौतुक करायला हवं होतं. पण मी टॅबवरचा गुरुवार पुन्हा वाचत होते.

मी काय काम करते ते आधी सांगते, कारण आमच्या घरातही ते कोणाला धड सांगता येत नाही. आमचे हे शेजाऱ्यांना सांगतात, “ती कॉम्प्युटरवर पाणी मोजते.” बावीस वर्षं मी एका कचेरीत नकला करायचं काम केलं. आलेला कागद, त्याची प्रत, प्रतीची प्रत. कचेरी बंद पडली तेव्हा मी एक्कावन्नची होते. आता आपल्याला कोण दारात उभं करणार, असं धरूनच चालले होते. तेवढ्यात हा प्रकल्प निघाला.

कालव्याच्या काठाने सूत रंगवायचे अकरा लहान कारखाने आहेत, त्यातला एक मास्तरांचा. त्यांना सूत रंगवायला देणारी मोठी कंपनी म्हणाली, पुढच्या हंगामापासून ज्यांचं पाणी स्वच्छ आहे त्यांनाच सूत देऊ, आणि स्वच्छ आहे हे दाखवा. कागदावरच्या रजिस्टरवर त्यांचा विश्वास नाही. बरोबरच आहे, मी बावीस वर्षं कागद केलेत, मला विचारा. म्हणून ही नवी वही आली, ब्लॉकचेनची, म्हणजे एकात एक अडकवलेल्या नोंदींची साखळी. रोज पाच वाजता त्या दिवसाच्या नोंदीवर शिक्का बसतो. एकदा बसला की बसला. नव्वद दिवस नोंद सलग आणि खरी राहिली की कारखाना कंपनीच्या यादीत जातो. यादीत नाही त्याला सूत नाही, आणि सूत नाही तर या लोकांनी हौदात काय बुडवायचं? माझं काम म्हणजे या अकराजणांना ती वही लिहायला शिकवायची. लोक मला साखळीवाल्या बाई म्हणतात. आधी मला राग यायचा, आता येत नाही.

पहिल्या दिवशी मी मास्तरांच्या ऑफिसात, म्हणजे दोन खुर्च्या आणि रंगांच्या डब्यांचं कपाट आहे तिथे, हे समजावून सांगत होते. मास्तरांना काही केल्या उमगेना. वहिनी कोपऱ्यात स्वेटर विणत होत्या. मी म्हटलं, “वहिनी, दहा ओळी खालचा एक टाका चुकला तर तो एकटा बदलता येतो का?”

“छे. वरचं सगळं उसवावं लागतं.”

“ही वही तशी आहे. आणि त्याच स्वेटरच्या शेकडो प्रती शेकडो ठिकाणी आहेत. तुम्ही तुमचा गुपचूप उसवून पुन्हा विणलात, तरी बाकीचे सांगणार की हा तो नव्हे.”

वहिनींना एका झटक्यात कळलं. मास्तरांनी टॅब उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “आणि चूक झाली तर?”

“खाली लिहायचं, वरची चूक आहे म्हणून. वरची तशीच राहते.”

“मेल्यावरसुद्धा?”

“मेल्यावरसुद्धा.”

ते उठून हात धुऊन आले. हात स्वच्छच होते.

शिक्का मारायला बोटाचा ठसा लागतो. तिथेही घोडं अडलं. चाळीस वर्षं गरम पाण्यात आणि सोड्यात हात, मास्तरांच्या अंगठ्यावर ठसा म्हणून काही उरलाच नव्हता. एकेक बोट लावून बघितलं. शेवटी डाव्या हाताची करंगळी कामाला आली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी करंगळी दाखवून विचारायचे, “जाऊन येऊ का?” आणि वहिनी त्यांना रागवायच्या.

तर आज शनिवार, अठ्ठ्याऐंशीवा दिवस. सोमवारी नव्वदावा, आणि सोमवारीच बाहेरचे पडताळणीवाले येणार. ते काय करतात, तर नोंदी एका बाजूला ठेवतात आणि विजेचं मीटर दुसऱ्या बाजूला. ज्या दिवशी चार हजार लिटर पाणी साफ केलं असं लिहिलंय, त्या दिवशी मोटर फिरलेली दिसायला हवी. गुरुवारी मोटर स्कूटरवर होती.

“मास्तर,” मी म्हटलं, “गुरुवारची नोंद कोणी केली?”

“मीच. मी नाही तर कोण? करंगळी माझ्याकडेच आहे.”

“पण कधी केली?”

त्यांनी लड पुन्हा काढून हातात घेतली. “सोमवारी. आठवड्याच्या सगळ्या सोमवारीच भरतो की. तुम्हीच तर म्हणाला होता.”

मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि उघडला. आजची नोंद भरून ठेवलेली होती. उद्याचीसुद्धा. रविवार, साप्ताहिक सुट्टी, बंद. परवाची, पडताळणीच्या दिवसाची नव्हती, कारण ती सोमवारी सकाळी भरायची. क्षणभर मला हसू आलं आणि लगेच तोंडचं पाणी पळालं.

झालं असं होतं. मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क येत नाही. पहिल्या आठवड्यात ते रोज पाच वाजायच्या आत फोन घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत धावायचे. साठी उलटलेला माणूस, पायात रबरी बूट, हातात फोन उंच धरलेला. मला बघवेना. मी त्यांना ‘भरून ठेवा’चं बटण दाखवलं. आत बसून भरून, करंगळी लावून ठेवायची, आणि फोन नेटवर्कमध्ये गेला की त्या तारखेची नोंद त्या तारखेला आपोआप जाते. त्यांनी विचारलं, “उद्याचीपण भरता येते?” आणि मी, घाईत, बॅग उचलता उचलता म्हणाले, “येते की. वर्षभराची भरा नि तीर्थाला जा.”

मी थट्टा करत होते. पण मास्तरांच्या वडिलांपासून पाण्याचं रजिस्टर असंच लिहिलं जायचं. सोमवारी सकाळी एक माणूस बसायचा आणि सात दिवसांचे आकडे भरून टाकायचा. तपासायला आलेल्यालाही ते ठाऊक असायचं. त्याला पान भरलेलं दिसलं की पुरे. मास्तरांच्या मते ते खोटं नव्हतंच. आपलं पाणी आपल्याला माहीत आहे, उद्या ते कसं निघणार तेही माहीत आहे, मग आज लिहिलं काय आणि उद्या लिहिलं काय? आणि रोज ते बघत होते, अगदी मनापासून. त्यांची स्वतःची तपासणी पट्टीपेक्षा कडक होती. सोडायच्या पाण्यात पांढऱ्या सुताची लड बुडवायची, पिळायची, उजेडात धरायची. लड पांढरी राहिली तरच तोटी उघडायची.

गुरुवारी ते लड बुडवायला कारखान्यात नव्हतेच. फोन खिशात घेऊन, जळकी मोटर घेऊन शहरात गेले. शहरात नेटवर्क चांगलं आहे. पाच वाजता त्यांच्या खिशात बसल्या बसल्या ती नोंद निघून गेली.

अठ्ठ्याऐंशी दिवसांत तो त्यांचा सगळ्यांत प्रामाणिक दिवस होता, आणि नेमकी त्याच दिवसाची नोंद खोटी पडली होती.

“पुसता येत नाही,” मास्तर म्हणाले. ते विचारत नव्हते.

“नाही.”

कोपऱ्यात वहिनींच्या सुया थांबल्या. बाहेर एक माणूस हौद धूत होता, त्याच्या झाडूचा आवाज तेवढा येत होता. मास्तर खुर्चीवर बसले, पाचही माणसांकडे एकदा दारातून बघून घेतलं आणि म्हणाले, “या लोकांना काय सांगू?”

मी म्हटलं, “आत्ताच काही सांगू नका. मी साहेबांशी बोलते.” आवाजात धीर आणला होता. कुठून आणला देव जाणे.

आमचे साहेब वयाने माझ्या लेकाएवढे आहेत. मुलगा गुणी, पण सतत घाबरलेला. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी उभं राहून मी त्यांना फोन लावला.

“ताई, शनिवारी फोन करत जाऊ नका हो. तुमचं नाव दिसलं तरी धडधडतं.”

मी सगळं सांगितलं.

“अकरापैकी तिघांचीच मीटर उघडतात,” ते म्हणाले. “चिठ्ठ्या टाकून. मास्तरांचं नाव निघेलच असं नाही.”

“आणि निघालं तर?”

“सरळ फसवणूक धरतात. मग कायमचे बाहेर.”

“खाली दुरुस्ती लावली तर?”

“पडताळणीच्या आधी लागायला हवी. उद्या रविवार, दुरुस्तीवर शिक्का बसत नाही. म्हणजे आज पाचच्या आत. आणि कोण लावतंय त्यावर आहे. मालकाने लिहिलं की न बघता भरली, तर कारखाना वर्षभर बाहेर. शिकवणाऱ्याने चुकीचं शिकवलं असेल तर कारखान्याचे दिवस पुन्हा एकपासून सुरू. बहुतेक.” त्यांनी आवाज खाली आणला. “ताई, तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. सोमवारी सही होतेय. तुम्ही असं करा ना, यंत्रातला बिघाड असं लिहा. यंत्र काही सांगायला येत नाही.”

“म्हणजे खोट्याखाली आणखी एक खोटं?”

“मी काही ऐकलं नाही,” ते म्हणाले, आणि जरा वेळाने हळूच, “माझाही प्रकल्प सोमवारवरच आहे, ताई.”

त्यांचाही राग येईना, हे आणखी वाईट.

दुरुस्तीबद्दल साहेब काय म्हणाले ते मास्तरांना सांगून मी जेवायला घरी गेले. कालव्यावरच्या पुलावर नेहमी थांबते तशी थांबले. मी याच कालव्याच्या खालच्या अंगाला वाढले. आमची आई कालव्यावर कपडे धुवायची. वरती कुठला रंग चाललाय ते आम्हाला पाण्यावरून कळायचं. शाळेचा सदरा पांढरा हवा असा नियम होता, आणि खालच्या वस्तीतल्या आम्हा सगळ्या मुलांचे सदरे कधी गुलाबी, कधी निळसर. मास्तरणीबाई रांगेत आम्हाला वेगळं उभं करायच्या, धुवत नाही म्हणून. आई रात्रंदिवस धुवायची. हे मी साहेबांना मुलाखतीत सांगितलं नव्हतं, मास्तरांनाही नाही. कोणाला बोल लावायचा नव्हता. पण हे काम मला मिळालं तेव्हा मी पुलावर उभी राहून रडले होते, तेही सांगून टाकते.

आज पाणी मातकट होतं. म्हणजे ठीक. कालव्याचा स्वतःचा रंग तोच.

आमच्या ह्यांनी ताटं घेतली होती. हे आयुष्यभर वजनकाट्यावर होते, ट्रक तोलायचे. अजून भाजीची पिशवी हातात घेतली की आकडा सांगतात. माझ्याकडे बघून म्हणाले, “आज दोन मण जास्त दिसतायत. काय झालं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बटणाचं, थट्टेचं, साहेबांचं. ते शांतपणे जेवत होते. मग म्हणाले, “पण तुला ते आधीच माहीत होतं ना?”

“काय?”

“मास्तर आधी भरून ठेवतात ते. महिना होऊन गेला असेल. याच जागी बसून हसत सांगत होतीस, ‘मास्तर माझे फार पुढे गेले, मंगळवारीच शुक्रवार भरून ठेवतात.’”

माझा हात ताटातच राहिला.

मी विसरले नव्हते. विसरल्यासारखं केलं होतं, त्यात फरक आहे. पाच आठवड्यांपूर्वी मास्तरांचा फोन दुसऱ्याच कामासाठी हातात घेतला होता आणि ती रांग दिसली होती. पुढचे दिवस ओळीने मांडलेले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझे अकराच्या अकरा कारखाने शंभर टक्के होते, साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. मी फोन परत दिला आणि चहा घेतला.

“मला भीती वाटते हो,” मी म्हटलं. “नोकरी जाईल ते वेगळंच. पण एकदा लिहिलं की शेकडो ठिकाणी राहणार. मी नसेन तेव्हाही. माझ्या नावासमोर तेवढंच.”

ह्यांनी माझ्या ताटात आणखी वाढलं. “लिहिणार असशील तर पाचच्या आत लिही,” म्हणाले. “आणि जेवून जा. रिकाम्या पोटी हात थरथरतात तुझे.”

सव्वाचारला मी पुन्हा पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी होते. त्याने न विचारता स्टूल दिलं. टॅब उघडला, गुरुवार काढला, दुरुस्तीचं पान उघडायला बोट टेकवलं, आणि बघते तर खाली एक दुरुस्ती आधीच लागलेली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी. मास्तरांच्या करंगळीने.

‘गुरुवारी मोटर जळाल्यामुळे कारखाना बंद होता. वरील नोंद मी सोमवारी न बघता भरली. चूक माझी आहे. बाईंनी असं करू नका म्हणून वारंवार बजावलं होतं.’

मी दोनदा वाचलं. मग स्टूल तिथेच टाकून शेडकडे अशी निघाले की वाटेत दोन कुत्री बाजूला झाली.

मास्तर टाकीपाशी उभे होते. दुरुस्त होऊन आलेली मोटर चालू होती, ढवळणी संथ फिरत होती.

“काय लिहिलंत हे?”

“जे झालं ते.”

“शेवटचं वाक्य? मी कधी बजावलं तुम्हाला? एकदा तरी?”

मास्तर टाकीत डोकावले. दारातून वहिनी म्हणाल्या, “मी सांगितलं त्यांना लिहायला. तुमचा कागद सोमवारी व्हायचाय म्हणालात ना मागे. एकाचं जातंय तर दोघांचं कशाला घालवायचं?”

“वहिनी, वर्षभर बाहेर राहाल. वर्षभर सूत मिळणार नाही.”

“ते बघू आम्ही.”

“काय बघणार? पाच माणसं आहेत.”

“बाई,” मास्तर म्हणाले, “आमच्या कारखान्यातल्या माणसाची चूक ती माझी चूक. वडिलांपासून तसंच आहे.”

“मी तुमच्या कारखान्यातली नाही.”

“रोज येता. चहा पिता. स्टुलावर बसून माझ्या माणसांना रागावता. अजून काय करायचं असतं?” ते माझ्याकडे न बघता ढवळणीकडे बघत होते. “आणि आता लागलं ते लागलं. पुसता येत नाही असं तुम्हीच सांगता.”

मला इतका राग आला होता आणि इतकं भरून आलं होतं की त्यातलं आधी कोणतं बाहेर येईल याचा नेम नव्हता. तीन महिने मी या माणसाला एकच गोष्ट शिकवत होते, जे घडलं तेच लिहायचं. आणि शिकून झाल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा समजून उमजून एक खोटं लिहिलं होतं, तेही माझ्यासाठी.

“मी रांग पाहिली होती, मास्तर,” मी म्हटलं. “पाच आठवड्यांपूर्वी. तुमच्या फोनमध्ये. पाहिली आणि बोलले नाही.”

ढवळणीचा आवाज येत राहिला. “हं,” ते म्हणाले. मग, “माझं वाचवायला लिहिणार असाल तर नका लिहू. साहेबसुद्धा बहुतेकच म्हणाले ना.”

“तुमचं वाचो न वाचो. ते वाक्य माझ्या नावावर नको मला.”

घड्याळात चार बेचाळीस झाले होते. मी पुन्हा कोपऱ्यावर गेले. मास्तर मागून आले, रबरी बुटांचा आवाज करत, आणि चार पावलांवर उभे राहिले. टॅबवर मराठी टाइप करताना माझी नेहमी तारांबळ होते, आज तर अक्षरं जागेवर सापडेनात. नक्कल करताना मी कधी एक शब्द स्वतःचा घातला नव्हता. हे सगळे शब्द माझे होते आणि एकेक शब्द जड जात होता. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली होती, बुडबुडे बघत होता. मी लिहिलं:

‘वरील दुरुस्तीतलं शेवटचं वाक्य खरं नाही. नोंद आधी भरता येते असं मीच सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वी भरून ठेवलेल्या नोंदी मी पाहिल्या आणि गप्प राहिले. गुरुवारी मालकांनी घाण पाणी सोडायला नको म्हणून कारखाना बंद ठेवला. हे खरं आहे.’

खाली माझं नाव, हुद्दा. अंगठा टेकवला. माझ्या अंगठ्याचे ठसे शाबूत आहेत, पहिल्याच वेळी लागला. चार त्रेपन्न.

“झालं?” मास्तरांनी विचारलं.

“झालं.”

ते अजून काही तरी बोलतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, “पाच वाजता आजची जाईल बघा आपोआप. ती काढू का रांगेतून?”

“काढा. आणि आत जाऊन लड बुडवून या. मग भरा.”

ते वळले आणि चक्क धावत गेले. फोन हातात उंच धरलेला, पहिल्या आठवड्यात धावायचे तसे. पाचला दोन मिनिटं कमी असताना धापा टाकत परत आले.

पडताळणीच्या चिठ्ठीत मास्तरांचं नाव निघालं नाही. म्हणजे सगळे गप्प बसले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. हे साहेबांनी मला स्वतः येऊन सांगितलं, टॅब न्यायला आले तेव्हा. चिडलेले नव्हते. दारात उभ्या उभ्या म्हणाले, “मी बाकीच्या दहाजणांच्या रांगा तपासल्या. तिघांकडे हेच निघालं.” ह्यांनी त्यांना आत बोलावून चहा दिला. मुदतवाढीचा कागद त्यांच्याच बॅगेत होता. बिनसहीचा. जाताना वाकून नमस्कार केला, का ते त्यांनाच ठाऊक.

मास्तरांचे दिवस एकपासून सुरू झाले. साहेब ‘बहुतेक’ म्हणाले होते, तसंच झालं. हंगाम थोडा चुकणार, सगळा नाही. नवा नियमही आला आहे, आता नोंदीबरोबर त्याच वेळचा फोटो जोडावा लागतो. माझ्या जागी एक मुलगी आली आहे. हुशार आहे म्हणतात, थट्टा करत नाही.

मी घरी असते. सकाळ कशीबशी जाते. दुपार झाली की सवयीने घड्याळाकडे लक्ष जातं आणि हे मुद्दाम काही तरी बोलायला काढतात.

पाचला पाच-सात मिनिटं असताना माझा फोन वाजतो. मास्तरांचा फोटो असतो. सुरकुतलेल्या मुठीत पिळलेली लड, मागे पंक्चरवाल्याच्या दुकानाची भिंत. रोज तोच हात, तीच भिंत. खाली एक ओळ असते, ‘बाविसावा दिवस. पांढरी.’ मला पाठवायचं त्यांना काही कारण नाही. मी आता कोणाची कोणी नाही, माझ्या बघण्याने कुठे काही नोंद होत नाही.

मी चष्मा लावते, खिडकीपाशी जाऊन फोटो मोठा करते, लडीच्या कडा नीट बघते. मग लिहून पाठवते, ‘पाहिली.’